पहिल्या आहेराची घाई

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मधेच हसलेलं मला चालत नाही. चहा उकळतोय तोवर सांगून टाकतो. फजिती माझी आहे, तर ती माझ्याच तोंडून ऐका. आमच्या मंडळींकडून ऐकलीत तर गोष्ट दुप्पट लांब होते आणि तिच्यात मी निम्माच उरतो.

आधी एक सांगतो. मला कुणाचा हेवा वाटत नाही. शेजाऱ्याची विहीर भरली, भरू द्या. भावकीतल्या पोराला नोकरी लागली, लागू द्या. माझं शिक्षण तिसरीपर्यंत, पण मन मोठं आहे. त्यात फक्त एका माणसाला जागा नाही. रंगनाथ. माझा साडू.

नातं नीट समजून घ्या. माझ्या मामाला दोन मुली. थोरली कमल, ती रंगनाथला दिली. धाकटी शांता, ती मला. म्हणजे मी त्या घरचा भाचाही आणि जावईही. लहानपणी त्याच अंगणात मी चड्डीवर खेळलो. रंगनाथ बाहेरचा. जालन्याच्या एमआयडीसीत सळयांच्या मिलमध्ये मुकादम होता, आता घरी बसतो. पण तो मोठा जावई आणि मी धाकटा. माझी सत्तरी उलटली, तोंडात दात मोजके राहिले, तरी त्या घरात मी अजून ‘धाकटे दाजी’च आहे. आमचा मेव्हणा दत्ता मला तसंच हाक मारतो, तेही चारचौघांत.

धोंड्याचा महिना आला की हा काटा जास्त टोचतो. दर तीन वर्षांनी अधिक महिना येतो. जावयांना बोलावणं येतं. पाटावर बसवून पाय धुतात, कुंकू लावतात, आहेर देतात, मग पुरणाचे धोंडे वाढतात. सगळं आधी मोठ्याला. माझ्या पायापर्यंत येईतो तांब्यातलं पाणी संपलेलं असतं. माझ्या कपाळापर्यंत येईतो कुंकवाचा चिखल झालेला असतो. धोंडेसुद्धा त्याच्या ताटात गोल असतात आणि माझ्या ताटात फुटके. तुम्ही म्हणाल, म्हातारपणी काय हे. मी म्हणतो, तुम्ही कधी दुसऱ्या नंबरच्या पाटावर बसलात का? मग गप ऐका.

यंदा मामीच्या मनात एक आलं. मामी म्हणजे माझी सासू, पंच्याऐंशीच्या घरातली. जांब समर्थच्या अलीकडं त्यांचं गाव. मळ्यात विहिरीजवळ मामानं लावलेला आंबा आहे. मामा होता तेव्हा जावयांची पंगत त्या आंब्याखाली बसायची. मामीला वाटलं, आता पुढचा धोंडा आपल्याला दिसतो की नाही कुणास ठाऊक. यंदा जेवण आंब्याखालीच करायचं.

करायचं खरं, पण जायचं कसं? मळ्याची वाट झाडोऱ्यानं गिळली होती. दोन्ही बाजूंनी वेडी बाभूळ, मधे घाणेरी, बोरी, आणि विहिरीजवळ छातीएवढं वाळलं गवत. ती वाट पूर्वी मीच मोकळी करायचो. कोयता माझा. अख्ख्या सासुरवाडीत माझ्या कोयत्यासारखी धार कुणाच्या कोयत्याला नव्हती. म्हणून मी एक दिवस आधीच आलो, मंडळींना घेऊन, पिशवीत कोयता घालून. मनात म्हटलं, पाटाचा मान त्याचा असू दे, वाटेचा मान आपला.

अंगणात पाऊल टाकलं तर रंगनाथ माझ्या आधी हजर. आणि त्याच्या हातात मशीन.

लांब दांडी, वरच्या टोकाला बॅटरी, खालच्या टोकाला भिंगरी. पोराच्या मोटारसायकलला बांधून जालन्याहून आणली होती. पेट्रोल नाही, धूर नाही. पातं लावलं की झुडूप कापते, नायलॉनची दोरी लावली की गवत कापते. फवारणीचा पंप जसा चार्जिंगला लावतात तशी बॅटरी लावायची, झालं. अर्धी गल्ली बघायला जमली होती. मामी खाटेवरून उठून बसली होती. आणि आमच्या मंडळी, ज्यांनी माझ्या कोयत्याकडं उभ्या जन्मात दोन वेळा पाहिलं नसेल, त्या मशीनवरून हात फिरवत होत्या.

“दाजी, किती हलकी हो,” शांता म्हणाली. “न्हाई तर आमच्याकडं. अजून कोयताच घासून राह्यले.”

मी गोठ्यातल्या म्हशीकडं बघत उभा राहिलो. पण एक डोळा मशीनवरच होता, ते मान्य करतो. बॅटरी खट करून कशी बसवतो, कोणतं बटण आधी दाबतो, कोणतं मागून, सगळं बघून घेतलं. शत्रूचं हत्यार माहीत असावं.

मग रंगनाथ तयार झाला. पायात बूट, हातात मोजे, डोळ्याला चष्मा, गळ्यात मशीनचा पट्टा. मी म्हटलं, वरात कुठं निघाली? कुणी हसलं नाही. उलट तोच माझ्याकडं वळला आणि फार गोड बोलला. त्याचं गोड बोलणं हीच तर खरी तक्रार आहे.

“साडूभाऊ, तुम्हाला चालवायची तर चालवा. बिलकुल सोपी हाय. फकस्त धोतरानं चालवू नका. पँट घाला.”

माझ्या धोतराचा अपमान. चारचौघांत. सासुरवाडीच्या अंगणात. मी कोयता उचलला आणि वाटेला लागलो.

वाटेच्या उजव्या अंगाला तो, डाव्या अंगाला मी. मशीन ओरडतसुद्धा नव्हती. मधमाश्यांच्या पोळ्यासारखी नुसती गुणगुणत होती आणि बाभळीची पोरं पटापट आडवी होत होती. मी एक बोर धरली. बोर म्हणजे कशी, तुम्हाला माहीत आहे. एक फांदी सोडवावी तर दुसरी सदरा धरते. मी बोरीला हरवलं, नाही असं नाही. पण तोवर रंगनाथ इतका पुढं गेला होता की त्याची नुसती टोपी दिसत होती.

दुपारी त्याची बॅटरी उतरली. त्या दिवसातलं मला मिळालेलं तेवढं एकच सुख. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, “आपला कोयता चार्जिंगला लावावा लागत न्हाई.”

मी तेव्हा लिंबाखाली बसलो होतो. थोडा दम खात होतो. दत्तानं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, “कोयत्याला न्हाई लागत. धाकट्या दाजींना लागतं.”

यावर मात्र सगळे हसले.

संध्याकाळपर्यंत वाट जवळजवळ मोकळी झाली. राहिला तो शेवटचा तुकडा, विहिरीजवळचा. गवत आणि घाणेरी. रंगनाथनं मशीनचं पातं काढून दोरी बसवली. सकाळी उठून तेवढं गवत काढू म्हणाला आणि बॅटरी ओसरीवर चार्जिंगला लावली.

जेवताना मामी डोक्यावरचा पदर सारखा करत म्हणाली, “मोठे जावई होते म्हणून झालं सगळं. बबनरावांनी आता उगं त्रास घेऊ न्हाई. वय झालं.”

वय झालं. ऐकलंत? बबनराव म्हणजे मीच. रंगनाथ माझ्यापेक्षा दोन पावसाळे जास्त बघितलेला माणूस आहे. पण वय माझं झालं. पाण्याचा तांब्या उचलला, एक घोट घेतला आणि बोलून गेलो. बोलायला नको होतं. पण बोललो.

“राहिलेला तुकडा कुणी हात लावायचा न्हाई. उद्या दिवस वर यायच्या आत मी मोकळा करतो. एकट्यानं. कोयत्यानं.”

दत्ताला तेवढंच पाहिजे होतं. “झालं तर?” म्हणाला. “झालं तर उद्या पहिला पाट धाकट्या दाजींचा. पहिला आहेर बी त्यांचाच. काय मोठे दाजी, चालंल?”

“बिलकुल,” रंगनाथ म्हणाला. “मला काय त्याचं.”

त्याला काय त्याचं! ज्यासाठी मी चाळीस वर्षं जळतो आहे, ते त्यानं पानावरचं मीठ सरकवावं तसं सरकवलं. मी मामीकडं पाहिलं. मामी नाही म्हणाली नाही. हसली फक्त. म्हणजे ठरलं.

पहाटे उठलो. शांता झोपेतच म्हणाली, जपून. मी नवं धोतर नेसलो होतो, कारण वेळ मिळाला नाही तर तिथूनच पाटावर बसायचं होतं. कोयता घेतला आणि मळ्यात गेलो. आभाळ नुकतं तांबडं होत होतं. कोयता उगारायला गेलो.

हात खांद्याच्या वर जाईना.

कालच्या बोरीनं सूड उगवला होता. डावा हात लावून उजवा वर नेला, तर तो आपोआप खाली आला. तोही गवतावर नाही, माझ्याच गुडघ्याजवळ. थोडं गवत कापलं, म्हणजे उपटलं म्हणा. समोर सगळं तसंच उभं. वाऱ्यानं डुलत होतं, जणू मला विचारत होतं, काय धाकटे दाजी, झालं का?

आता मी काय केलं असेल? बरोबर. तुम्ही माझ्याइतकेच वाईट दिसता.

मागच्या पावली घरी आलो. ओसरीवर बॅटरीचा हिरवा दिवा लागला होता. सगळे घोरत होते. रंगनाथ तर असा घोरत होता की पेट्रोलची मशीन असती तरी त्याला ऐकू आली नसती. मशीन उचलली, बॅटरी उचलली, आणि मळ्यात गेलो. पट्टा गळ्यात अडकवला, बॅटरी बसवली. खट. पहिलं बटण, मग दुसरं. भिंगरी फिरली.

आता एक खरं सांगतो, पण हे त्या रंगनाथला कळता कामा नये. मजा आली हो! नुसतं डावीकडून उजवीकडं झुलायचं, पाळणा हलवल्यासारखं. गवत लोटांगण घालत होतं. मी मशीनला माफ करून टाकलं. मशीनचा काही दोष नव्हता, ती चुकीच्या माणसाच्या घरी गेली होती एवढंच.

डोकंही चाललं. दोरीनं कापलेलं गवत फाटल्यासारखं दिसतं आणि कोयत्याचा घाव स्वच्छ असतो. म्हणून थोडं गवत मशीननं काढायचं आणि मग घाणेरीच्या दोन-चार काड्या कोयत्यानं तिरक्या छाटून ठेवायच्या. बघणाऱ्यानं बघितलं तर कोयताच दिसला पाहिजे. मनात हिशेब पक्का. जल्दी उरकायचं, मशीन जागेवर नेऊन ठेवायची, आणि दिवस वर आला की आंब्याखाली मिशीवर हात फिरवत बसायचं.

विहिरीजवळचा शेवटचा पुंजका राहिला होता. नुसता एक पुंजका. तेवढ्यात पट्ट्यानं कमरेजवळ धोतराचा सोगा सैल केला. मला कळलंच नाही. मला कळलं ते खर्र असा आवाज आला तेव्हा.

मशीननं धोतर धरलं.

पतंगाचा मांजा चक्रीवर गुंडाळावा तसं धोतर भिंगरीवर गुंडाळत गेलं. त्या धोतरात मी होतो. गोल फिरलो. एकदा, आणि मग परत एकदा. हातातलं बटण सुटलं, मशीनही हिसका देऊन गप झाली. बघतो तर अर्धं धोतर भिंगरीत आणि अर्धं माझ्या कमरेला. ओढलं तर येईना. भिंगरीत बोटं घालायची हिंमत होईना. न जाणो, परत फिरली तर? बॅटरी बसवायची कशी ते मी पाहिलं होतं. काढायची कशी ते बघायचं राहून गेलं होतं, कारण तेव्हा म्हशीनं माझ्याकडं शेपूट फिरवलं होतं.

शेवटी एकच उपाय होता. पट्टा गळ्यातून काढला, धोतर सोडलं. वर सदरा-टोपी आणि खाली पट्ट्यापट्ट्याची चड्डी अशा पोशाखात मी विचार करू लागलो.

विचार पुरा व्हायच्या आत माणसं ऐकू आली.

घरी काय झालं ते मला मागून कळलं. रंगनाथ उठला, बघतो तर मशीन नाही. दत्तानं बोंब ठोकली, चोर, चोर. कमल म्हणाली, धाकटे जावई दिसत नाहीत. शांता म्हणाली, ते तर कोयता घेऊन पहाटेच मळ्यात गेल्ते. मग सगळ्यांच्या मनात एकच आलं. चोर मळ्याच्या वाटेनं गेला असेल आणि तिथं म्हातारा एकटा. हातात जे सापडलं ते घेऊन सगळे धावले. दत्ताकडं काठी, रंगनाथकडं विळा, कमलकडं लाटणं.

मला हे काही ठाऊक नव्हतं. मला नुसता आवाज येत होता आणि तो जवळ येत होता. मी काय करणार? आंब्यापलीकडं एक दाट बोर होती. मी तिच्या मागं गेलो. म्हणजे तिच्यात गेलो.

पहिला दत्ता पोचला. “आयला,” म्हणाला, “चोरानं जाता जाता गवत कापलं.”

मग त्यांना मशीन दिसली. भिंगरीत माझं धोतर, चिंध्या झालेलं. शेजारी माझा कोयता. माणूस नाही. या सगळ्याचा अर्थ मला थोडा उशिरा कळला.

शांता मटकन खाली बसली. “गेलं,” म्हणाली. “माझं माणूस गेलं. चोरानं मारून विहिरीत टाकलं.”

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं. पण इतक्यात ती पुढं बोलू लागली आणि मी तोंड मिटलं.

“असा माणूस व्हनार न्हाई,” ती रडत म्हणाली. “कधी कुणापुढं हात पसरला न्हाई. कधी खोटं बोलला न्हाई. कोयता धरला की चार माणसांचं काम एकटा करायचा. बघा दाजी, बघा. एवढं गवत त्यांनी एकट्यानं काढलं.”

लग्न झाल्यापासून पहिल्यांदा माझी बायको माझं कौतुक करत होती. आणि कुणासमोर? रंगनाथसमोर! तुम्ही असता तर बाहेर आला असता का? खरं सांगा. काटे टोचत होते, मुंग्या चढत होत्या, पण मी हललो नाही. म्हटलं, अजून थोडं ऐकू. इतकी वर्षं थांबलो, अजून घटकाभर थांबू.

दत्ता विहिरीत वाकून बघत होता. रंगनाथनं डोक्यावरची टोपी काढली होती. शांतानं पदरानं नाक पुसलं आणि पुढं म्हणाली, “फकस्त हेकट लई. किती डाव सांगितलं, दाजींसारखं शांत ऱ्हा. दाजींसारखं गोड बोला. दाजींचा एक गुण घेतला असता तर...”

“मी जित्ता हाय,” मी बोरीतून म्हणालो.

कमलच्या हातातलं लाटणं पडलं. दत्ता विहिरीत जाता जाता राहिला. शांतानं वर पाहिलं, बोरीकडं पाहिलं, आणि तिचं रडणं एका क्षणात असं थांबलं की मला वाटलं विहिरीत गेलो असतो तर बरं झालं असतं.

“मंग बाहेर या,” ती म्हणाली.

“येता येत न्हाई.”

“का?”

रंगनाथनं मशीनकडं पाहिलं, धोतराकडं पाहिलं, बोरीकडं पाहिलं. मिलमधला मुकादम तो. लगेच समजला. हसला असता तर मी त्याला एकदाचा मोकळेपणानं शत्रू म्हटलं असतं. पण तो हसला नाही. त्यानं खाली बसून बॅटरी खट करून काढली, भिंगरी उलटी फिरवली आणि धोतर सोडवायला लागला. हळूहळू, जपून. बाहेर आलं ते दिव्याच्या वाती वळण्यापुरतं.

“साडूभाऊ,” तो बोरीला म्हणाला, “लागलं तर न्हाई ना?”

बघा. असला माणूस आहे. अशा माणसाचा हेवा करायचा तर माणसानं करावा तरी कसा?

आता मला कापड पाहिजे. शांतानं दत्ताला घरी पिटाळलं. कालचं धोतर धुऊन ओलंच होतं, नवं भिंगरीत गेलं होतं, आणि तिसरं मी आणलंच नव्हतं, कारण ते आहेरात मिळणारच होतं. म्हणून दत्ता आहेराची पिशवी घेऊनच मोटारसायकलवर आला. मागं मामी बसलेली, हातात कुंकवाचं ताट. मोकळ्या वाटेनं ती पहिल्यांदाच आंब्यापर्यंत आली. उतरली, आंब्याला हात लावला, जरा वेळ उभी राहिली. मी बोरीतून बघत होतो. माझ्याही डोळ्यात काही आलं, काटा असावा.

मग मामीनं विचारलं, काय झालं. दत्तानं सांगितलं. जरा जास्तच नीट सांगितलं, मशीन कुणी नेली तेही.

मी बोरीतून म्हणालो, “दत्ता, ते धोतर फेक इकडं.”

“फेकायचं न्हाई,” मामी म्हणाली. “जावयाला आहेर फेकून देत न्हाईत. आमच्या घरात कुंकू लावून देतात.”

सासूनं जावयाकडं असल्या पोशाखात बघायचं नाही, म्हणून मामी आमच्याकडं पाठ करून उभी राहिली. पिशवीतला वरचा पुडा तिनं काढला, त्यावर कुंकू लावलं, अक्षता टाकल्या. ताट रंगनाथच्या हातात दिलं. आणि रंगनाथ, माझा साडू, मोठा जावई, बोरीवरून हात घालून माझ्या कपाळाला कुंकू लावता झाला. सुकं कुंकू. चिखल नाही. चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

“पहिला आहेर तुमचा, साडूभाऊ,” तो म्हणाला. “ठरल्याप्रमाणं बराबर.”

मी पुडा घेतला. छाती भरून आली. मान तो मान. बोरीत मिळाला म्हणून काय झालं? कागद फाडला.

आत पँटचं कापड होतं. तपकिरी. शिवलेलं नाही, नुसतं कापड.

“मामी,” मी म्हणालो, “ह्ये धोतर न्हाई.”

“मोठ्याचं असंल ते,” मामी म्हणाली. “वरचा पुडा मोठ्याचा, खालचा तुमचा. दर डावाला तसंच बांधते मी.”

“मंग बदलून द्या.”

“कुंकू लावून दिलेला आहेर माघारी घ्यायचा नसतो, जावईबापू. तुम्ही तर घरचे. तुम्हाला ठावं असाया पाहिजे.”

घरचा मी. उभा जन्म हेच सांगत आलो होतो.

ते कापड लुंगीसारखं गुंडाळून मी बोरीतून बाहेर आलो. नवं कोरं, खळ असलेलं कापड. एका हातानं धरलं तर दुसरीकडं उघडं पडायचं. गाठ मारली तर सुटायची. आंब्याखाली पाट मांडले, तसाच जाऊन पहिल्या पाटावर बसलो. मामीनं पाय धुतले, माझे, आधी. पाणी गार होतं आणि भरपूर होतं. ताटात धोंडे गोल होते. मी एका हातानं जेवत होतो, कारण दुसरा हात कापड धरायला लागत होता.

खालचा पुडा रंगनाथला मिळाला. त्यात पांढरंशुभ्र धोतर, तलम, बारीक काठाचं. आहेराचं कापड अंगाला लावून जेवायला बसावं अशी मामीची इच्छा पडली. त्या माणसानं जन्मात धोतर नेसलेलं नव्हतं. दत्तानं त्याला आंब्यामागं नेऊन नेसवलं.

तो बाहेर आला. निऱ्या सरळ, सोगा जागेवर, चालताना एक निरी हलत नव्हती. मामीच्या तोंडून नुसतं ‘अगं बाई’ निघालं. कमल लाजली. मी एका हातात धोंडा आणि एका हातात पँट धरून बघत राहिलो.

तेवढ्यात शांता माझ्या ताटात तूप वाढायला वाकली. हळूच म्हणाली, पण पंगतीत सगळ्यांना ऐकू गेलं.

“बघून घ्या जरा. धोतर नेसावं तर दाजींनी.”